भिंतीवरचा लोणा आणि बास्तीलची दारू

'खालील बदलांचे भौतिक व रासायनिक असे वर्गीकरण करा.' बर्फ वितळणे, लोखंड गंजणे, दुधाचे दही होणे, कागद फाडणे, फटाका फुटणे. विज्ञान शिकवताना हा प्रश्न मी फळ्यावर किती वेळा लिहिला याची गणती नाही. मुले दोन रकाने आखतात, फटाका उजव्या रकान्यात जातो, अर्धा गुण पदरात पडतो आणि आपण पुढच्या धड्याकडे वळतो.

५ सप्टेंबर २०१२ रोजी, ऐन शिक्षकदिनी, तमिळनाडूतील शिवकाशीजवळच्या एका फटाका कारखान्यात स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसे गेली. त्यानंतर काही दिवसांनी हाच प्रश्न वर्गात चालू असताना एका मुलीने विचारले, "बाई, तिथं जे झालं तोपण रासायनिक बदलच का?" मी "हो" म्हणाले आणि पुढच्या उदाहरणावर गेले. उत्तर बरोबर होते. तरी ते 'हो' मला आजही बोचते, कारण तिला हो-नाही नको होते. पदार्थ बदलतो तेव्हा त्याच्या आसपास उभ्या असलेल्या माणसांचे काय होते, हे तिला विचारायचे होते. आणि त्यासाठी आमच्या पुस्तकात रकाना नाही.

आपण 'बदल' हा विषय दोन तुकड्यांत शिकवतो. पदार्थातला बदल विज्ञानाच्या तासाला, समाजातला बदल इतिहासाच्या. विज्ञानात माणूस नसतो आणि इतिहासात पदार्थ नसतो. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धड्यात समता, स्वातंत्र्य, बंधुता असते, पण १४ जुलै १७८९ ला लोक पॅरिसमधल्या बास्तीलच्या तुरुंगावर का चालून गेले याचे साधे उत्तर मुलांना येत नाही. ते दारूसाठी गेले होते. तोफेच्या, बंदुकीच्या दारूसाठी. ही फाळणी विज्ञानाचे नुकसान करते आणि इतिहासाचेही, असे माझे म्हणणे आहे. ते पटवण्यासाठी मी एकच पदार्थ घेते: सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, बंदुकीच्या दारूतला मुख्य घटक.

आधी विज्ञानाच्या नुकसानाबद्दल. 'भौतिक बदल परतवता येतो, रासायनिक बदल परतवता येत नाही', हे वाक्य मुलांना झोपेतून उठवून विचारले तरी येते. ते नियम म्हणून खोटे आहे. निळा मोरचूद तापवला की त्यातले पाणी जाऊन पांढरी भुकटी होते. वर दोन थेंब पाणी टाका, निळा रंग परत येतो. तो रासायनिक बदल आहे आणि तो आपल्या डोळ्यांदेखत उलटतो. मोबाइलची बॅटरी रोज रात्री हेच करते. उलट गव्हाचे पीठ केले, काच फोडली, कागद फाडला, तर हे सगळे भौतिक बदल, पण कोणत्याही जात्याने पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत. खरा प्रश्न नवा पदार्थ तयार झाला का, हा आहे. मागे फिरता येते का, हा वेगळा प्रश्न. आपण दोन्ही एकात कोंबले, कारण दोन रकान्यांना सोपी खूण हवी होती.

आता सोरा. माझ्या आजोळी गोठ्याची मागची भिंत मातीची होती. पावसाळा सरला की तिच्या बुडाशी पांढरी बुरशीसारखी पापुद्री उमटायची. आजी म्हणायची, "भिंतीला लोणा धरलाय." ती तो खराट्याने झाडून उकिरड्यात टाकायची, भिंत ढासळते म्हणून तिचा त्यावर राग. लोणा म्हणजे भिंतीतून वर आलेले क्षार, आणि गोठ्याच्या भिंतीवरच्या लोण्यात नायट्रेटही असते. युरोपातल्या राजांनी याच पापुद्र्यासाठी तीनशे वर्षे रयतेच्या जमिनी खणल्या, हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली.

बंदुकीच्या दारूत तीन वस्तू असतात: कोळसा, गंधक आणि सोरा. कोळसा कुठेही करता येतो, गंधक विकत घेता येतो, पण दारूचा सुमारे तीन चतुर्थांश भाग असतो तो सोऱ्याचा, आणि सोराच मिळत नाही. तो बनतो असा: जनावरांचे मूत, शेण, कुजका पाला मातीत मुरतो. त्यातून अमोनिया होतो. मातीतले जीवाणू त्या अमोनियाचे नायट्रेट करतात. हे काम सजीवांचे आहे, हे फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युन्ट्झ यांनी १८७७ मध्ये दाखवले. त्याआधी शतकानुशतके माणसांना फक्त एवढेच ठाऊक होते की जिथे गुरे बांधली जातात, कबुतरे बसतात, लोक राहतात, तिथल्या जमिनीत सोरा पिकतो. मातीत चुना असला की कॅल्शियम नायट्रेट तयार होते. ती माती पाण्यात कालवून निथळतात. त्या पाण्यात लाकडाची राख घालतात. राखेतल्या पोटॅशमुळे कॅल्शियम चुनखडीच्या रूपात तळाशी बसते आणि पाण्यात उरतो पोटॅशियमचा सोरा. राखेची ही पायरी नीट झाली नाही तर दारू हवेतला ओलावा ओढते आणि ऐन वेळी दगा देते.

पुढची पायरी मला सर्वांत सुंदर वाटते. ते पाणी काहिलीत उकळतात. १०० ग्रॅम पाण्यात मीठ थंडीतही सुमारे ३६ ग्रॅम विरघळते आणि उकळतानाही फार तर ३९. सोऱ्याचे तसे नाही. २० अंशाला तो सुमारे ३२ ग्रॅम विरघळतो आणि उकळत्या पाण्यात २४० ग्रॅमच्या आसपास. म्हणून पाणी आटत जाते तसे मीठ आधी तळाशी खडखडते, ते झाऱ्याने काढून टाकायचे. मग काहील उतरवून पाणी निवू दिले की सोऱ्याच्या लांब सुया धरतात. निव्वळ भौतिक बदल, आणि तोही परतवता येणारा. पण याच बदलावर साम्राज्ये तोलली गेली.

तिन्ही वस्तू दळून एकत्र केल्या तरी ते मिश्रणच राहते. पाण्यात टाका, सोरा विरघळून वेगळा होईल. नवा पदार्थ तयार झालेला नाही. युरोपात १५व्या शतकात ही पूड ओली करून तिचे दाणे पाडायची युक्ती रूढ होत गेली. दाण्यांमधल्या फटींतून ज्वाळा झपाट्याने पसरते आणि दारूचा जोर वाढतो. म्हणजे केवळ आकार बदलला, पदार्थ तोच राहिला, आणि दगडी किल्ल्यांचे दिवस भरले. 'भौतिक बदल म्हणजे किरकोळ बदल' असे मुलांच्या मनात जे बसते, त्याला यापेक्षा मोठा धक्का कोणता द्यायचा? ठिणगी पडते तेव्हा मात्र रासायनिक बदल होतो. नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि पांढऱ्या धुरातून उडणारे पोटॅशियमचे क्षार मागे राहतात. तेवढाच आपल्या पुस्तकात येतो. त्याआधीची गोठ्यापासूनची सगळी वाट गळते.

त्या वाटेवर माणसे उभी आहेत. एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडला सोरा परदेशातून आणावा लागे. १५६१ मध्ये गेरार्ड होन्रिक नावाच्या एका जर्मन कप्तानाला ३०० पौंड देऊन सोरा करण्याची विद्या विकत घेतली गेली. मग राजाचे सोरेवाले गावोगाव फिरू लागले: फावडी, पिंपे आणि परवाने घेऊन. कबुतरखाने खणायचे, तबेले खणायचे, माती वाहायला गावकऱ्यांच्याच गाड्या ठरवून दिलेल्या भाड्याने धरायच्या. लोक ओरडू लागले तेव्हा १६०६ मध्ये न्यायाधीशांनी निर्णय दिला. राज्याच्या रक्षणासाठी सोरा खणण्याचा अधिकार राजाला आहे. मात्र राहत्या घराची जमीन खणू नये, भिंतीचा पाया कमकुवत करू नये, सूर्योदय ते सूर्यास्त एवढाच वेळ काम करावे, आणि खणलेली जागा होती तशी करून द्यावी. या निकालात माणसाचे घर हा त्याचा आसरा मानला आहे. पदार्थाच्या गरजेतून नागरिकाच्या हक्काची भाषा कशी उगवते, हे दाखवणारा याहून चांगला कागद माझ्या पाहण्यात नाही.

कागदावरच्या मर्यादा आणि दाराशी उभे राहिलेले लोक यांत अर्थातच अंतर होते. पहिल्या चार्ल्सच्या काळात राहती घरे खणली गेली, चर्चची जमीनही सुटली नाही. १६२६ मध्ये राजाने फर्मान काढले की प्रजेने आपले आणि जनावरांचे मूत वर्षभर साठवून सोऱ्याच्या कामासाठी द्यावे. तबेल्यात, कबुतरखान्यात फरशी घालायलाही बंदी आली, कारण फरशीखालची माती पिकत नाही. सारवलेली जमीन उखडली जाते तेव्हा काय वाटते, हे मातीच्या घरात वाढलेल्या मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

१६४१ मध्ये इंग्लंडच्या संसदेने राजाविरुद्ध तक्रारींची लांबलचक यादी मांडली. त्यात दारू एकाच हातात एकवटून ती इतकी महाग केल्याची तक्रार होती की गरिबाला ती परवडेना. त्याच वर्षी सोरा आणि दारू खुलेपणाने आणण्या-करण्याची मुभा देणारा कायदाही झाला. पुढे राजा आणि संसद यांच्यात युद्ध पेटले, आणि आता दारू संसदेला हवी होती. म्हणून तेच सोरेवाले संसदेच्या परवान्यांसह त्याच दारांत परत आले. हुकूम बदलला, शिक्का बदलला, फावडे तेच. ज्याच्या कबुतरखान्याची जमीन उखडली गेली त्याच्या दृष्टीने काय बदलले होते?

१६५६ मध्ये मात्र खरा बदल झाला. मालकाच्या परवानगीशिवाय कोणाच्याही घरात, जागेत सोऱ्यासाठी खणायचे नाही असा कायदा संमत झाला. इंग्रज घराची जमीन मोकळी झाली. इंग्लंडच्या स्वातंत्र्याच्या गोष्टीत हे पान अभिमानाने वाचायला हवे, आणि ते वाचून झाले की लगेच विचारायला हवे: मग सोरा आला कुठून?

तो आला बिहारमधून. गंगेच्या मैदानात, पाटण्याच्या आसपास, उन्हाळा कडक आणि वस्ती दाट. तिथली माती जगात सर्वांत चांगली पिकत असे. तिथे नोनिया नावाचा समाज पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आला होता. गावाच्या पांढरीतून, जुन्या भिंतींच्या बुडातून खारट माती खरवडायची, गाळायची, उकळायची. डच आणि इंग्रज दोन्ही कंपन्यांनी पाटण्यात वखारी घातल्या आणि दलालांमार्फत आगाऊ रकमा देऊन कच्चा सोरा उचलायला सुरुवात केली. आगाऊ रक्कम घेतलेला माणूस भावाची घासाघीस किती करणार? १६९३ च्या सनदेने ईस्ट इंडिया कंपनीवर दरवर्षी ५०० टन सोरा इंग्लंडच्या शस्त्रागाराला पुरवण्याचे बंधन घातले. प्लासीनंतर, १७५८ मध्ये, क्लाइव्हने मीर जाफरकडून बिहारच्या सोऱ्याचा मक्ताच कंपनीसाठी मिळवला. ज्या प्रकारच्या मक्त्याविरुद्ध इंग्लंडच्या संसदेने आवाज उठवला होता, त्या प्रकारचा मक्ता आता बिहारच्या मानेवर बसला.

म्हणजे ओझे नाहीसे झाले नव्हते, ते सरकले होते. इंग्लंडच्या घरातले खणणे थांबले ते एकट्या कायद्यामुळे नव्हे. कायदा परवडला, कारण जहाजे सोऱ्याने भरून येऊ लागली.

इथे मला ज्याची फार आठवण होते तो माणूस म्हणजे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए. १७७४ मध्ये त्याने बंद भांड्यात कथील तापवल्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. कथलाची राखाडी भस्म झाली, पण भांड्यासकट वजन तसूभर बदलले नाही. भांडे उघडले, हवा सूं करून आत शिरली, तेव्हा वजन वाढले. लाकूड जळून राख हलकी होते, लोखंड गंजून जड होते, मेणबत्ती जळून नाहीशी होते. या साऱ्यांत वस्तुमान हरवल्यासारखे किंवा कुठून तरी आल्यासारखे वाटते ते फक्त आपण भांडे उघडे ठेवल्यामुळे. झाकण लावा आणि सगळे तोला. १७८९ च्या त्याच्या ग्रंथात ही गोष्ट रसायनशास्त्राचा पाया म्हणून आली.

इतिहास शिकवताना आपण भांडे उघडे ठेवतो, हाच माझा मुख्य आक्षेप आहे. १६५६ चा कायदा सांगतो आणि बिहार त्या भांड्यातून निसटू देतो. मग एका देशात स्वातंत्र्य 'निर्माण' झाल्यासारखे दिसते आणि दुसऱ्या देशात दैन्य 'आपोआप' आल्यासारखे. दोन्ही धडे एकाच पुस्तकात असतात, फक्त त्यांच्यामध्ये तराजू नसतो.

लाव्हाझिएचे स्वतःचे आयुष्यही याच तराजूत घालायला हवे. फ्रान्समध्येही सोरेवाल्यांना लोकांच्या जागा खणायचा हक्क होता. गावांनी त्यांना राहायला जागा आणि ठरलेल्या दराने सरपण द्यावे लागे. सप्तवार्षिक युद्धात भारतातला सोरा फ्रान्सच्या हातून गेला आणि दारूचा तुटवडा पडला. १७७५ मध्ये अर्थमंत्री त्युर्गोने दारूचा खाजगी मक्ता मोडून सरकारी खाते उभारले आणि त्याच्या चार व्यवस्थापकांत लाव्हाझिएला घेतले. घरे खणण्याची सक्ती संपवायचे धोरण ठरले. लाव्हाझिए पॅरिसच्या शस्त्रागारातच राहायला गेला; तिथेच त्याने त्या काळची सर्वांत नेमकी प्रयोगशाळा उभारली. तो दारू सुधारत होता, सोऱ्याची माती तपासत होता, जगाला तोलायला शिकवत होता.

आणि त्याच वेळी तो करवसुलीचा मक्तेदार होता. राजाला ठरीव रक्कम देऊन मीठ, तंबाखू, पॅरिसमध्ये येणारा माल यांवरचा कर वसूल करणाऱ्या मंडळात त्याचा हिस्सा होता. त्याच्या त्या नाजूक तराजूंचे पैसे तिथून येत होते. करचुकवेगिरी थांबावी म्हणून पॅरिसभोवती भिंत घालण्याची सूचना त्याने केली आणि १७८० च्या दशकात ती भिंत उभी राहिली. मला या माणसाबद्दल अपार आदर आहे. पण ज्याने सांगितले की काहीही हरवत नाही, त्याच्याच प्रयोगशाळेच्या एका पारड्यात गरिबाच्या मिठावरचा कर होता, हे मुलांपासून लपवण्यात त्याचा मान राखला जात नाही.

जुलै १७८९ मध्ये लोकांनी आधी त्या भिंतीवरची जकातनाकी जाळली. १४ तारखेच्या सकाळी त्यांनी इनव्हालीद इमारतीतून हजारो बंदुका ताब्यात घेतल्या. बंदुका मिळाल्या, दारू नव्हती. आदल्या एकदोन दिवसांत शस्त्रागारातून, म्हणजे लाव्हाझिए राहत होता तिथून, दारूची २५० पिंपे सुरक्षित म्हणून शेजारच्या बास्तीलमध्ये हलवली होती. म्हणून लोक बास्तीलला गेले. आत कैदी फक्त ७ होते. जुलमाचे प्रतीक वगैरे सगळे खरे, पण त्या दिवशी पाय तिकडे वळले ते सोऱ्यासाठी.

तीन आठवड्यांनी, ऑगस्टच्या सुरुवातीला, दारू भरलेली एक नाव पॅरिसबाहेर जाताना लोकांनी अडवली. ती होती हलक्या प्रतीची 'व्यापारी दारू', आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या व्यापारासाठी केलेली. तिथे दारूच्या बदल्यात माणसे विकत घेतली जात. फ्रेंचमध्ये व्यापारासाठीचा तो शब्द आणि 'गद्दार' हा शब्द कानाला जवळजवळ सारखे. लोकांना वाटले गद्दारांची दारू चालली आहे. लाव्हाझिए आणि त्याचा सहकारी त्या दिवशी जमावाच्या हातून जेमतेम वाचले. या प्रसंगावर मी नेहमी थांबते. लोकांचा राग चुकीच्या शब्दावर होता. पण योग्य शब्द त्याहून भयंकर होता आणि त्यावर रागावणारे त्या घाटावर कोणी नव्हते.

मग युद्ध आले. ४ डिसेंबर १७९३ च्या हुकुमाने प्रजासत्ताकाने नागरिकांना आपापल्या तळघरांची, तबेल्यांची माती धुऊन सोरा काढायला सांगितले. फेब्रुवारी १७९४ मध्ये देशभरातून, प्रत्येक जिल्ह्यातून दोन-दोन माणसे पॅरिसला बोलावून एक महिन्याचा अभ्यासक्रम घेतला गेला: सोरा, दारू आणि तोफा. शिकवायला होते गीतों द मोर्व्हो, फूरक्रुआ, बेर्तोले, मोंज. यांतल्या पहिल्या तिघांनी १७८७ मध्ये लाव्हाझिएबरोबर रसायनांच्या नावांची नवी पद्धत तयार केली होती. आजही आपण 'नायट्रेट', 'सल्फेट', 'ऑक्साइड' म्हणतो ते त्या चौघांमुळे. तिघे शिकवत होते तेव्हा चौथा, सोऱ्याबद्दल सर्वांत जास्त जाणणारा, तुरुंगात होता. ८ मे १७९४ ला इतर मक्तेदारांबरोबर त्याचा शिरच्छेद झाला. 'प्रजासत्ताकाला शास्त्रज्ञांची गरज नाही' असे न्यायाधीश म्हणाल्याची गोष्ट आपल्याकडे वारंवार छापली जाते. तिला त्या काळचा पुरावा नाही, आणि त्या महिन्यांतले ते वर्ग पाहिले तर ती पटतही नाही. प्रजासत्ताकाला शास्त्रज्ञ हवेच होते. त्याचा जीव गेला तो मक्तेदार म्हणून. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला पॅरिसच्या ग्रनेल भागातला दारूचा अवाढव्य कारखाना उडाला आणि पाचशेहून अधिक माणसे गेली. राज्य आता लोकांचे होते, कामगारही लोकच होते.

समाजातल्या उलथापालथीला 'रासायनिक बदल' आणि वरवरच्या सुधारणांना 'भौतिक बदल' म्हणण्याची एक लकब आपल्या वैचारिक लेखनात आणि भाषणांत आहे. ऐकायला बरी वाटते. मला ती अजिबात मान्य नाही. सोऱ्याच्या वाटेवर केवळ दाण्यांचा आकार बदलला आणि युद्धच बदलून गेले. आणि राजाच्या जागी संसद आली तेव्हा कबुतरखान्याच्या मालकाला फरक पडला नाही. या उपमेत माणसे पदार्थ होतात आणि मग 'प्रक्रियेत थोडी उष्णता लागतेच' असे सहज म्हणता येते. रसायनशास्त्राकडून उसने घ्यायचेच असेल तर बंद भांडे घ्या, तराजू घ्या.

'हे सगळे परक्यांचे, आपल्या मुलांना काय?' असे मला एका बैठकीत विचारले गेले. आपल्याकडे तोफा नव्हत्या का? विजापूरची मुलूखमैदान तोफ १५४९ मध्ये ओतली गेली ती अहमदनगरात. शिवछत्रपतींच्या अठरा कारखान्यांत दारूखाना होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखान्याबद्दल बारकाईने लिहिले आहे: तो वस्तीच्या घरांपासून दूर असावा, तळघर पक्के असावे, दारूला सर्दी लागू देऊ नये, आठ-पंधरा दिवसांनी ती बाहेर काढून ऊन द्यावे. हा उतारा मराठीच्या तासाला भाषेचा नमुना म्हणून वाचतात. तो विज्ञानाच्या तासाला वाचा. दारूला ओल लागली की सोरा विरघळून दाण्याबाहेर सरकतो, दाणा फुटतो. नंतर कितीही वाळवली तरी ती पहिल्यासारखी होत नाही. भौतिक बदल, पण परतवता न येणारा. आमच्या पुस्तकातल्या चुकीच्या नियमाची दुरुस्ती आपल्याच दप्तरात पडून आहे.

दुसरा आक्षेप वेळेचा. शिक्षकांवर आधीच किती कामांचा बोजा आहे हे मी कोणाहून कमी जाणत नाही. पण मी नवा धडा मागत नाही. बदलांचा धडा आहेच, फ्रेंच राज्यक्रांतीचा आहेच. दोन शिक्षकांनी मिळून तीन तासिका एकत्र घ्यायच्या. स्फोटक काहीही करायचे नाही. तुरटी गरम पाण्यात विरघळवून खडे धरू द्यायचे, जुन्या भिंतीचा लोणा पाण्यात कालवून, गाळून, बशीत वाळवायचा, आणि सुरुवातीला व शेवटी सगळे तोलायचे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला आणि विज्ञान यांच्यात ताठर भिंती नसाव्यात असे लिहिले आहे. धोरणात लिहिलेले परीक्षेत उतरत नाही तोवर ते वर्गातही उतरत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर: विज्ञानात राजकारण कशाला आणता? मी आणत नाही, ते तिथे आहे. सोरा हा शब्द उच्चारला की कोणाची तरी जमीन खणली जाते. मी एवढेच म्हणते की मूल्यमापन मुलांवर सोडा. लाव्हाझिए चांगला की वाईट, हे मी वर्गात सांगत नाही. त्याचे दोन्ही हिशेब समोर ठेवते. तेरा वर्षांची मुले त्यावर तासभर भांडू शकतात. भांडताना त्यांनी पोटॅशियम नायट्रेटचे सूत्र कधी पाठ केले हे त्यांना कळतही नाही.

गेली काही वर्षे मी त्या जुन्या प्रश्नाला तिसरा रकाना जोडते: 'हा बदल कोणी केला, कुठे केला, कोणाच्या जागेत?' बर्फ वितळण्यापुढे मुले रेघ मारतात. दुधाच्या दह्यापुढे बहुतेक जण 'आई' लिहितात, एकदा एकीने 'बाबा' लिहिले. लोखंड गंजण्यापुढे एकाने 'आमचा जुना पत्रा, भाड्याची खोली' असे लिहिले होते. फटाका फुटण्यापुढचा चौकोन आधी रिकामा राहायचा. आता तिथे कधी 'शिवकाशी' दिसते, कधी नुसते प्रश्नचिन्ह. तपासताना त्या रकान्याला मला गुण देता येत नाहीत, कारण प्रश्नपत्रिकेच्या आराखड्यात तो नाहीच. तो आराखड्यात यावा आणि त्याला दोन गुण असावेत, ही माझी अभ्यासमंडळाकडे मागणी आहे.